डब्याचं तोंड सिस्टरकडे

सिस्टर कुणाशीही बोलायच्या आधी त्याचं मनगट धरायच्या. समोरचा आजारी असो, विरजण मागायला आलेला असो, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असो. दोन बोटं नाडीवर, नजर छताकडे, ओठ किंचित हलणारे. मग मनगट सोडून म्हणायच्या, "हं, बोल आता."

झरी गावात आमच्या गल्लीला याची सवय होती. नव्या सुना मात्र बावरायच्या. एकीनं तर "मला काय झालंय ओ?" म्हणून डोळ्यांत पाणीच आणलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "काय न्हाई झालं. जित्ती हाईस का बघितलं. सासरी आल्यावर बघत राहावं लागतं."

त्यांचं खरं नाव विमल. गावच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी गावानं त्यांना दुसरं नाव दिलं नाही. त्यांचे यजमान बसवर कंडक्टर होते, तेही निवृत्त. तेसुद्धा बायकोला सिस्टरच म्हणायचे आणि त्या त्यांना कंडक्टर. सकाळी आमच्या अंगणात झाडू मारताना भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"ओ कंडक्टर, चहात साखर कुठाय?"

"पुढच्या स्टॉपला."

माझ्या आठवणीत त्यांच्या घरातला हा पहिला आवाज. दुसरा आवाज गाण्याचा.

आमच्या वस्तीची एक गायन पार्टी होती. विहारात संध्याकाळी सराव चालायचा. जयंतीच्या महिन्यात आजूबाजूच्या गावांत कार्यक्रम व्हायचे. पेटीवर गौतममामा, ढोलकीवर त्यांचा पुतण्या, मागे कोरसला आम्ही तिघी-चौघी, आणि मधे सिस्टर. त्यांचा आवाज गोड नव्हता. रुंद होता. पोलिओच्या डोसासाठी गल्लीगल्लीत हाका मारून तो तसा झाला होता, असं त्या सांगायच्या. लसीकरणाच्या दिवशी आया पोरांना घेऊन मागच्या दारानं शेतात पळायच्या, तेव्हा सिस्टरनी स्वतःच एक गाणं जुळवलं होतं:

रडंल घडीभर, हसंल जन्मभर,
आण गं बाळाला दवाखान्यावर.

ते गाणं इतकं पसरलं की बारशाला पाळण्याजवळही बायका तेच म्हणायला लागल्या.

कंडक्टरकाका गात नसत. सतरंजी अंथरायची, पाण्याची घागर भरून ठेवायची, टेम्पोत सगळे बसले का ते बसमधले प्रवासी मोजावेत तसं मोजायचं, ही त्यांची कामं. मग ते स्टेजच्या कडेला बसत. एखादं गाणं फार लांबलं की तिथूनच हळू आवाजात म्हणायचे, "सिंगल बेल." बसमध्ये दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. पार्टीत सगळ्यांना हे पाठ होतं. सिस्टर डोळे वटारायच्या आणि मुद्दाम आणखी एक कडवं घ्यायच्या.

आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. बारावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मी परभणीच्या बसची वाट बघत थांब्यावर उभी होते.  सिस्टर दुधाची पिशवी घेऊन परत येत होत्या. त्यांनी रस्त्यातच माझं मनगट धरलं.

"लय पळायलीय," त्या म्हणाल्या.

"मला भ्या वाटायलंय, सिस्टर."

"वाटू दे की. नाडी पळती तवाच माणूस पोचतं. थंड नाडीचे लोक मी लय बघितलेत. ते कुठंच जात न्हाईत."

पुढे पदवीच्या वेळी, नोकरीच्या मुलाखतीच्या वेळी मी स्वतःच त्यांच्या दारात जाऊन हात पुढे केला. त्यांनी तो कधी रिकामा परत केला नाही. आज मी शिक्षिका आहे. वर्गात एखादी मुलगी घाबरून उभी राहिली की माझी बोटं आपोआप तिच्या मनगटाकडे जातात. मला नाडीतलं काही कळत नाही. पण ती मुलगी शांत होते.

मला नोकरी लागली त्याच सुमारास पार्टीत काहीतरी बिघडायला लागलं. सिस्टर मधेच थांबून म्हणायच्या, "गौतम, पेटी खाली गेली बघ." गौतममामा मान हलवून पट्टी बदलायचे. पोखर्णीच्या कार्यक्रमात तर असं तीनदा झालं. लोकांत कुजबुज झाली की पेटीवाल्याचं आता वय झालं. गौतममामांनी लोकांपुढे हात जोडले आणि "चुकलो" म्हणाले. आम्हीही तेच खरं धरलं. सिस्टर चुकतील, हे आमच्या डोक्यातच येत नव्हतं.

शेवटी कंडक्टरकाकांनी एकदा गौतममामांना विहाराच्या पायरीवर गाठलं. "गौतम, एवढ्या वर्षांचा वाजवणारा तू. आताच काय चुकायलास?"

गौतममामा पेटीवरचं फडकं घडी करत राहिले. मग म्हणाले, "मी न्हाई चुकायलो, दाजी. अक्काला ऐकू येईना झालंय. ती जिथं जाईल तिथं मी पेटी न्यायलोय."

वर्षभर या माणसानं दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेतली होती. नात्यानं ते सिस्टरचे कुणी लागत नव्हते. फक्त लहानपणापासून त्यांना अक्का म्हणत होते.

कानाच्या डॉक्टरकडे जायला सिस्टर तयार होईनात. मग काकांनी "माझेच कान दाखवायचेत, सोबत चल" म्हणून त्यांना परभणीला नेलं. दोघांचे कान तपासले गेले. काकांचे उत्तम निघाले. डॉक्टरांनी या वयात असे कान म्हणून कौतुक केलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "राहणारच की चांगले. जन्मात माझं काई ऐकलंच न्हाई त्यांनी. वापर कुठं झालाय?"

पण त्यांच्या स्वतःच्या कानांचं निदान सरळ होतं. बारीक आवाज गेले होते, जाड आवाज अजून येत होते. यंत्र मिळालं. घरात बोलण्यापुरतं ते बरं होतं. पार्टीत बसल्यावर मात्र झांज, माईक, टाळ्या सगळं एकदम कानात शिरायचं. "भांड्याच्या दुकानात मांजर सोडल्यावानी होतंय," म्हणत त्यांनी ते काढून डबीत ठेवलं.

नंतरच्या एका रविवारी मी नोकरीच्या गावाहून घरी आले होते. सिस्टरनी काकांना आणि मला बजावलं, "पार्टीत कुणाला सांगायचं न्हाई. गौतमला कळलंय तेवढं बास. गाणाऱ्याचे कान गेले म्हटलं की लोक टाळ्या बी दयेनं वाजवतात. मला तसल्या टाळ्या नकोत. पिंगळीचा कार्यक्रम करते आणि घसा बसला म्हणून सांगून गाणं सोडते. झालं."

  पण काकांनी एक गोष्ट हेरून ठेवली होती. दुपारी सिस्टर ओट्यावर भिंतीला पाठ लावून तांदूळ निवडत बसायच्या, तेव्हा वळणावर बस आली की सगळ्यांच्या आधी म्हणायच्या, "गाडी आली." मी काही बोलले तर "आँ?" आणि बस मात्र बरोबर.

"हिला पाठीतून ऐकू येतंय," काका मला हळूच म्हणाले. "नुसत्या जाड आवाजाची पेटी असती का गं कुठं?"

पहिला प्रयोग फसला. काकांनी कारण न सांगता मागितला म्हणून ढोलकीवाल्या पुतण्यानं लग्नाच्या डीजेचा एक काळा, माणसाएवढा स्पीकरचा डबा आणून सिस्टरच्या मागे उभा केला आणि सगळी पार्टी त्यातून सोडली. विहाराच्या खिडक्या थरथरल्या. सिस्टर दोन ओळी गाऊन थांबल्या. "अरे, घर हालायलंय. सूर कुठाय त्याच्यात?"

तेव्हा मला आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन आठवलं. एक मुलगा चार जाड तारांची गिटार वाजवायचा. तो थांबला की गाणं पोकळ व्हायचं, आणि वाजवत असला की कुणाचं लक्षही जायचं नाही. बेस गिटार. मी मोबाईलवर काकांना ती दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"हे एकच वाद्य एका डब्यात. तो डबा फकस्त सिस्टरजवळ. जमंल?"

"जमेल काका. पण वाजवणार कोण?"

त्यांनी आपले हात उलटेसुलटे करून बघितले. "आयुष्यभर दोरीच ओढलीय की मी."

नांदेडच्या वाद्यांच्या दुकानात सिस्टर, काका आणि मी असे तिघं गेलो. दुकानदार तरुण होता, भला होता. त्याला वाटलं गिऱ्हाईक मी आहे. काकांकडे बोट दाखवल्यावर त्यानं एकदा त्यांच्या टोपीकडे बघितलं आणि मग खुर्ची पुसून दिली. आधी त्यानं स्वतःच पाच तारांची एक चमकती काळी गिटार घेतली आणि बोटं अशी पळवली की मी बघत राहिले. सिस्टरनी त्याचं मनगट धरलं. "बाळा, पळू नको. एकच वाजव. थांब. मग दुसरं वाजव."

लांब दांड्याची गिटार काकांच्या गळ्यात घातली तर डावा हात टोकापर्यंत पोचेना. "लांब पल्ल्याची गाडी हाय," ते म्हणाले. "मला तालुक्यापुरती द्या." मग दुकानदारानं आखूड दांड्याची, चार तारांची, साध्या तपकिरी रंगाची एक काढली. पट्टा खांद्यावर आला आणि काका एकदम सरळ उभे राहिले. तिकिटाची चामडी थैली नेमकी त्याच खांद्यावर असायची.

मी मोबाईलवर वाचून आले होते. मला गिटार चांगल्यातली हवी होती. लाकूड, तारा, कंपनी, सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संगे, गिटार मी वाजवणार. ऐकणार सिस्टर. ती गिटार न्हाई ऐकणार, डबा ऐकणार. आपली झोळी लहान हाय. साधी गिटार घ्यायची आणि उरलेलं सगळं डब्यात घालायचं."

मग डबे सुरू झाले. दुकानदारानं आधी स्वस्तातला, साध्या गिटारीचा छोटा डबा लावला. सिस्टर समोर स्टुलावर बसल्या आणि जाळीवर पंजा ठेवला. काकांनी सगळ्यात जाड तार अंगठ्यानं ओढली. डबा खरखरला.

"खोकायलाय हा," सिस्टर म्हणाल्या. "छातीत कफ हाय ह्याच्या."

दुकानदार हसला. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तो डबा जाड तारांसाठी नव्हताच. दुसरा डबा बेसचाच होता, नवा कोरा, पण अगदी बारका. त्याच्यावर हात ठेवून त्यांनी मान हलवली. "दम लागायलाय लेकराला." तिसरा कुणीतरी वापरून विकलेला होता. कोपऱ्याचं कापड फाटलेलं, एक बटण वेगळ्याच रंगाचं, पण आतला स्पीकर मोठा. तो सरावाचाच, घरात ठेवण्याजोगा, एका हातानं उचलता येणारा. काकांनी तार ओढली. सिस्टरनी डोळे मिटले. पंजा काढला, वळल्या, आणि भर दुकानात डब्याला पाठ लावून बसल्या.

"आणखी."

काकांनी दुसरी तार ओढली.

"हा वरचा. आता खालचा वाजवा. हं." मग त्यांनी त्याच सुरावर, यंत्र न लावता, एक ओळ गायली. मी कोरसवाली आहे, मला सूर कळतो. ओळ तंतोतंत सुरात होती. दुकानदारानं काउंटरवरचा पंखा बंद केला.

"ह्याचा श्वास मोकळा हाय," सिस्टर म्हणाल्या. "हाच घ्या."

परतीच्या प्रवासात काकांनी डबा मांडीवर घेतला आणि गिटार सिस्टरकडे दिली. खिडकीतून ऊन येत होतं म्हणून त्यांनी डब्यावर टोपी ठेवली.

वर्षावासाचे ते पावसाळी महिने आमची गल्ली एकच धून ऐकत होती. धूनही नव्हे, चार-पाच सूर. गौतममामांनी कुठं बोट ठेवायचं ते दाखवायला दांड्यावर सिस्टरच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. लाल टिकली म्हणजे गाण्याचा मूळ सूर, हिरवी म्हणजे अंतरा. शेजारपाजारचे लोक विचारायचे, "कंडक्टर, म्हातारपणी हे काय खूळ?" काका म्हणायचे, "पेन्शनीत बसून अंगठा गंजायलाय." हजारो तिकिटांना भोक पाडलेला तो अंगठा होता. त्याला घाई ठाऊक नव्हती आणि तो कधी थकत नव्हता. सिस्टरचं हे गुपित त्या अंगठ्याआड सुखरूप होतं.

मग पिंगळीचा कार्यक्रम आला. मीही रजा काढून गेले. स्टेज लावणारे तिथले एक आजोबा होते, फार शिस्तीचे. त्यांनी आमचा डबा बघितला, स्वतः उचलला आणि स्टेजच्या पुढच्या काठावर लोकांकडे तोंड करून ठेवला. आमच्याकडे तशीच रीत आहे. डब्याचं तोंड कायम लोकांकडे. आलेल्या माणसाकडे पाठ करायची नाही, तशी डब्याचीही नाही. काका काही बोलायला गेले, पण सिस्टरनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. बोलायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

पहिलं गाणं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात सिस्टर घसरल्या. गौतममामांनी पेटी त्यांच्यामागे नेली, पण आता काकांचा सूर एकीकडे आणि पेटी दुसरीकडे. ढोलकी गोंधळली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी कोरसमधून सिस्टरची पाठ बघत होते. ती पाठ डब्याला शोधत होती आणि डबा दूर, लोकांकडे बघत होता.

काकांनी तार एकदाच ओढली. सिंगल बेल. सगळे थांबले. ते गिटार खाली ठेवून उठणार, तोच सिस्टर उठल्या. पुढे गेल्या. डबा दोन्ही हातांनी धरून फिरवला, आपल्या बैठकीपर्यंत ओढत आणला आणि त्याचं तोंड आपल्याकडे केलं.

आजोबा खालून म्हणाले, "सिस्टर, लोकांकडं पाठ करता व्हय डब्याची?"

सिस्टरनी माईक हातात घेतला. आजोबा काय बोलले हे त्यांना ऐकू आलं नसणार, पण कळलं होतं.

"जयभीम," त्या म्हणाल्या. "माझे कान गेलेत. बारीक काई ऐकू येत न्हाई. मागच्या वर्षी सूर मी सोडले आणि शिव्या गौतमनं खाल्ल्या. त्याची काई चूक नव्हती. हा डबा तुमच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी हाय. आमचे कंडक्टर त्याच्यातून मला सूर देत्यात. त्याचं तोंड माझ्याकडं राहू द्या. माझं तोंड तुमच्याकडंच हाय."

 गौतममामांनी मान खाली घातली होती. आणि मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी खणखणीत ओरडली, "मला बी येत न्हाई ऐकू! तू जोरात म्हण बाई!"

सगळा मंडप हसला. सिस्टरनी "आँ?" केलं, शेजारी बसलेल्या कोरसवालीनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, आणि मग त्या इतक्या हसल्या की माईकनं शिट्टी मारली. आजोबा स्टेजवर आले. त्यांनी डबा उचलून सिस्टरच्या पाठीमागे नेला, तोंड त्यांच्या पाठीकडे केलं आणि खाली एक पाट सरकवला, म्हणजे तो त्यांच्या पाठीच्या उंचीला आला.

काकांनी तार दोनदा ओढली.

त्या दिवशी सिस्टर कशा गायल्या हे मला लिहिता येत नाही. एवढंच सांगते की पेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका पट्टीत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दयेच्या टाळ्या कशा असतात ते मला माहीत आहे. या तशा नव्हत्या, कारण मधेच लोक भांडत होते, आधी हे गाणं म्हणा, आधी ते.

घसा बसल्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पार्टी चालू आहे. आता टेम्पोत सगळ्यात आधी डबा चढतो आणि काका माणसांबरोबर त्यालाही मोजतात.

माझी बदली झाली आणि गाव दूर पडलं. मागच्या सुट्टीत गेले होते, परत निघाले तेव्हा सिस्टर थांब्यापर्यंत आल्या नाहीत. काकांबरोबर ओट्यावरच्या सरावाची वेळ होती. त्यांनी ओट्यावरूनच माझं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं. "बरी पळायलीय," म्हणाल्या. "जा."

बस वळणावर आली. मी खिडकीशी बसले. काचेतून त्यांचा ओटा दिसत होता. भिंतीला टेकवलेला डबा, त्याला टेकलेल्या सिस्टर, तोंड रस्त्याकडे. बाजूला काका, खांद्यावर पट्टा. गाडीच्या आवाजात मला काहीच ऐकू येत नव्हतं. काकांचा अंगठा खाली आला, पुन्हा एकदा खाली आला, आणि सिस्टरनी तोंड उघडलं.